सिंधू, सुधाकर आणि विसरलेला भगीरथ

दिवाळीच्या सणात भाऊबीज शेवटी येते. पण ज्या घरात बहीण-भाऊ आहेत, त्या घरची खरी दिवाळी तीच. बहिणीने ओवाळावे आणि भावाने तबकात ओवाळणी टाकावी, अशी रीत. आमच्या घरी मात्र सात वर्षे ही रीत उलटी चालली होती. ओवाळून झाले की माझ्या पदराच्या गाठीतले पैसे भावाच्या खिशात जात, आणि त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढीत नसे. ते का, हे पुढे ओघाने येईलच. सणाच्या अंकात दारूचा विषय काढणे कुणाला अशुभ वाटेल. परंतु ज्या घरात हे दुखणे आहे त्या घरात ते दिवाळीचे चार दिवस सुटीवर जात नाही. उलट त्याच दिवसांत ते जास्त ठणकते, हे तशा घरातल्या वाचकांना सांगायला नको.

मी समीक्षक नव्हे. मॅट्रिकनंतर माझे शिक्षण थांबले. नांदेडला बालवर्गाच्या मुलांना शिकवते, आणि रात्रीच्या वेळी लिहिलेल्या दोन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. तेव्हा शास्त्राची भाषा मला येत नाही. पण एक नाटक मी गेली पंचवीस वर्षे पुन्हा पुन्हा वाचीत आले आहे, आणि त्याच्याशी माझे थोडे भांडण आहे. ते भांडण आज वाचकांपुढे मांडावे म्हणते.

ते नाटक म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला'. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले, आणि त्यानंतर महिन्याच्या आतच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग केला. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि बालगंधर्व सिंधू. शंभर वर्षे उलटून गेली, तरी मराठी घरात कोणाच्या पिण्याचा विषय निघाला की या नाटकाचे नाव निघतेच. ज्यांनी ते पाहिले नाही, वाचलेही नाही, त्यांनासुद्धा तळीराम ठाऊक असतो. पिणाऱ्याला तळीराम म्हणण्याची सवय आपल्या जिभेला याच नाटकाने लावली. एखाद्या साहित्यकृतीचे याहून मोठे भाग्य कोणते?

या नाटकाची थोरवी मला मान्य आहे, आणि ती आधीच सांगून टाकते. दारूकडे माणूस कशाने वळतो, हे गडकऱ्यांनी फार बारकाईने पाहिले होते. सुधाकर हा काही वाईट माणूस नव्हे. तो बुद्धिमान आहे, मानी आहे, नावारूपाला येत असलेला वकील आहे. भर न्यायालयात त्याच्या अभिमानाला ठेच लागते, सनद काही काळासाठी जाते, आणि त्या जखमेवर औषध म्हणून तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो. सुखासाठी पिणारा माणूस एखादे वेळी थांबू शकतो. दुःख विसरण्यासाठी पिणाऱ्याचे थांबणे फार कठीण. व्यसनाला सोबत लागते, हेही गडकऱ्यांनी ओळखले. त्यांच्या 'आर्य मदिरा मंडळा'ला आपण पोट धरून हसतो, पण त्या हसण्यातच खरी मेख आहे. घरी ज्याला मान उरलेला नाही त्याला त्या मंडळात मान आहे. तिथे त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही.

याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे सुधाकराचे पुन्हा घसरणे. तो दारू सोडतो, मनापासून सोडतो. पोटापाण्यासाठी कामधंदा मागायला जातो, तेव्हा जुन्या ओळखीची प्रतिष्ठित माणसे त्याला झिडकारतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. आज वैद्यकशास्त्र सांगते की व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे, आणि सोडल्यानंतरचे पहिले महिने सर्वांत नाजूक असतात. गडकऱ्यांनी हे कोणत्याही वैद्यकीय पुस्तकाशिवाय लिहून ठेवले.

मग माझे भांडण कशाबद्दल? ते सिंधूबद्दल आहे. किंवा असे म्हणू की आपण सिंधूचे जे केले त्याबद्दल आहे.

सिंधू माहेरची मदत नाकारते. दळण दळून संसार चालवते. नवऱ्याविरुद्ध एक शब्द उच्चारत नाही, दुसऱ्याला उच्चारू देत नाही. शेवटी नवऱ्याच्या हातून तान्हे मूल जाते, ती स्वतः मरणाच्या दारी पडते, आणि तशाही स्थितीत फौजदारापुढे खोटे बोलून त्याला वाचवू पाहते. बालगंधर्वांनी या भूमिकेत नेसलेल्या ठिगळाच्या साडीची आख्यायिका आपण आजवर सांगत आलो. थिएटरे रडली. घरोघरच्या बायांनी डोळ्यांना पदर लावला, आणि डोळे पुसताना मनाशी एक धडा घेतला, की नवरा, भाऊ, मुलगा व्यसनात बुडाला तर चांगल्या बाईने काय करावे? झाकावे, सोसावे, आणि वाट पाहावी.

मीही तोच धडा घेतला होता. माझा भाऊ माझ्याहून तेरा वर्षांनी धाकटा. मी मॅट्रिकवर थांबले ती घरच्या परिस्थितीने. त्याने तरी पुढे जावे, ही सगळ्यांचीच इच्छा. दहावीला गुण चांगले पडले, म्हणून अण्णांनी त्याला लातूरला ठेवले. 'लातूर पॅटर्न'चे नाव मराठवाड्यात कोणाला माहीत नाही? त्या पॅटर्नने शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केले, हे मी कृतज्ञतेने सांगते. पण एका खोलीत चार मुले, मेसचा डबा, पहाटेपासून क्लास, आणि दर आठवड्याला भिंतीवर लागणारी गुणांची यादी, हेही त्याच पॅटर्नचे अंग आहे. त्या यादीत आमच्या पोराचे नाव खाली खाली जाऊ लागले. झोप येईना, म्हणून कुणी तरी एक गोळी दिली. आमच्याकडे पोरे तिला 'बटण' म्हणतात. गडकऱ्यांचा प्याला तो हाच. फक्त त्याला काच नव्हती आणि वास नव्हता, म्हणून आम्हाला दोन वर्षे पत्ता लागला नाही. पुढे गोळीला दारूची जोड मिळाली.

पत्ता लागल्यावर मी काय केले? अण्णांना सांगितले की परीक्षेची फी भरायची आहे. त्याला नोकरी लागली तेव्हा मालकाला कळवले की ताप आहे. उधारी फेडली. एकदा पाटल्या गहाण ठेवल्या. आणि दर भाऊबीजेला तो खाली मान घालून म्हणे, "अक्का, एवढ्या बारीला दे. पुन्हा मागत नाही बघ." मी देई. त्या क्षणी मला मी फार थोर वाटत असे, हे आज लपवीत नाही. सातव्या भाऊबीजेच्या रात्री तो लातूरच्या एका रस्त्याकडेला बेशुद्ध सापडला. खिशात माझ्याच पैशांतली उरलेली एक नोट होती.

तो वाचला. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. तिथल्या समुपदेशक बाईंनी मला विचारले, "ताई, तुम्ही भावासाठी आजवर काय काय केलंत?" मी अभिमानाने पाढा वाचला. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "आता यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या व्यसनाच्या बाजूनं वाचा." मी वाचली. फी, ताप, उधारी, पाटल्या, भाऊबीज. एकेका ओळीने त्याचा पुढचा घोट सोपा केला होता. त्या रात्री घरी येऊन मी 'एकच प्याला' पुन्हा काढले, आणि प्रथमच रडता आले नाही.

इथे कोणी म्हणेल की बाई, गडकऱ्यांनी सिंधूला आदर्श म्हणून उभेच केलेले नाही. तिचे सोसणे निष्फळ ठरते, हेच तर नाटक दाखवते. हा आक्षेप मी स्वतःवर अनेकदा घेऊन पाहिला आहे, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. नाटकात मूल मरते, सिंधू मरते, सुधाकर विष मिसळलेला शेवटचा प्याला घेतो. इतका स्पष्ट पुरावा लेखकाने दिला असताना त्याला दोष कसा द्यावा? दोष प्रेक्षकांचा, त्यांनी निष्फळतेकडे डोळेझाक केली आणि ठिगळांचीच पूजा मांडली. पण मग मी पुढचा प्रश्न विचारते. सिंधूने दुसरे काय करावे, याची एक तरी वाट नाटकात आहे का? रामलाल उपदेश करतो. सिंधूचा भाऊ पद्माकर संतापतो. तळीरामाची बायको गीता नवऱ्याला तोंडावर सुनावते, पण तिच्याकडे आपण विनोदाचे पात्र म्हणूनच पाहतो. उपदेश, संताप आणि सोसणे ही तीन शस्त्रे नाटकात आहेत, तीनही बोथट ठरतात. आमच्या घरांतही गेली शंभर वर्षे हीच तीन शस्त्रे आलटून पालटून वापरली गेली.

एक गैरसमज मात्र होऊ नये. सिंधूने सोसले म्हणून सुधाकर प्याला, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याच्या हातातला प्याला त्याचाच होता. पिणाऱ्याच्या बायकोच्या माथी त्याच्या पिण्याचा दोष मारण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे; तिला माझ्या लिहिण्याने बळ मिळू नये. आणि जिथे अंगावर हात उठतो, तिथे मुलांना घेऊन बाहेर पडणे हेच शहाणपण आहे. सिंधू तशी बाहेर पडती, तर निदान ते तान्हे मूल वाचले असते.

आणि चौथी वाट नाटकात नाही, असे तरी कसे म्हणू? एक पात्र आहे. ते आपण सारे विसरतो. तो म्हणजे भगीरथ. प्रेमभंगाने दारूकडे वळलेला हा तरुण मदिरा मंडळातच बसणारा. पण रामलाल त्याला बाहेर काढतो, लोकसेवेचे काम देतो, आणि तो सुटतो. साऱ्या नाटकात प्याल्याच्या तावडीतून जिवंत सुटलेला हा माणूस! तरी त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. कारण उघड आहे. पडणे हे नाट्य आहे. उठून रोज सकाळी कामाला जाणे हे नाट्य नव्हे. सुधाकराला स्वगते मिळाली, सिंधूला पदे मिळाली, आणि भगीरथाच्या वाट्याला उपकथानक आले. मला आता वाटते की एखाद्या नव्या नटसंचाने हे नाटक बसवताना भगीरथाकडे पाहावे. त्याला एकट्याने सुटता आले नाही. कोणी तरी हाताला धरले, काम दिले, आणि पूर्वीच्या बैठकीऐवजी दुसरी माणसे दिली. सुधाकर काम मागायला गेला तेव्हा नेमके हेच त्याला नाकारले गेले. दोघांच्या दैवातला फरक एवढाच आहे.

भगीरथाची ही वाट मराठी साहित्यात पुढे कोणी चालवली असेल, तर ती नाटककाराने नव्हे, कादंबरीकारानेही नव्हे. ती अनिल अवचट यांनी चालवली. १९८० नंतरच्या वर्षांत ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, पुण्या-मुंबईच्या तरुण मुलांना गिळू लागली, तेव्हा अवचटांनी त्या मुलांमध्ये बसून लिहिले. तेच 'गर्द'. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. ते उभे केले मुख्यतः डॉ. अनिता अवचट यांनी. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९९७ साली त्या गेल्या, २०२२ साली अनिल अवचटही गेले. त्या घराची हकीकत 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकात आहे. लेख वाचून संस्था उभी राहिली, असे मराठीत किती वेळा घडले आहे?

गडकरी आणि अवचट यांची भाषा शेजारी ठेवून पाहा. गडकऱ्यांचे वाक्य नदीच्या पुरासारखे येते. ते आपल्याला वाहून नेते. अवचटांचे वाक्य ओट्यावर बसून बोलणाऱ्या माणसाचे आहे. लहान, साधे, अलंकार नसलेले. गडकरी हृदय पिळतात. अवचट शेजारी बसवून घेतात. गडकऱ्यांचा वाचक रडून मोकळा होतो. अवचटांचा वाचक उठून शेजारच्या घरी चौकशीला जातो. मला वाटते, या विषयाला दुसरी भाषा अधिक मानवते. अवचटांच्या लेखनात देव नाही आणि राक्षसही नाही. मुक्तांगणात दाखल झालेल्या माणसाला 'रुग्णमित्र' म्हणतात. या एका शब्दात सारी दृष्टी आली. तो आजारी आहे, म्हणून त्याचा तिरस्कार नाही. आणि तो मित्र आहे, म्हणून त्याच्याशी खरे बोलायचे. तिथे पस्तीस दिवसांचा उपचार असतो, आणि स्वतः व्यसनातून उठलेली माणसे नव्या येणाऱ्यांना हात देतात. म्हणजे भगीरथच भगीरथाला बाहेर काढतो. बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. सिंधूला असा गट मिळता, तर तिला जात्याशी एकटीने बोलत बसावे लागले नसते.

या लेखनाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. वाचताना आपल्याला फार बरे वाटते. माणसाच्या चांगुलपणावर विश्वास बसतो, पुस्तक मिटते, आणि 'पुण्याला कोणी तरी हे पाहते आहे' असे समाधान मानून आपण झोपतो. २०१९ साली केंद्र सरकार आणि दिल्लीची एम्स यांनी देशभरच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दिसले की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांत जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो. उरलेले सदतीस कुठे आहेत? ते माझ्या-तुमच्या घरी आहेत, आणि त्यांच्या उशाशी एकेक सिंधू आहे.

आमच्या मराठवाड्याचे तर विचारूच नका. बिलोली, देगलूर, धर्माबादकडे शिंदीची जुनी चाल. सीमेपलीकडे तेलंगणात त्या शिंदीत क्लोरल हायड्रेट, अल्प्राझोलम अशी गुंगीची औषधे मिसळल्याचे वेळोवेळी उघडकीस आले आहे. लातूरकडे पाहावे, तर एप्रिल २०२५ मध्ये चाकूर तालुक्यातल्या रोहिना गावच्या शिवारात महसूल गुप्तचर संचालनालयाने मेफेड्रोन बनविण्याचा कारखानाच पकडला. अकरा किलोंहून अधिक माल सापडला. ज्या पदार्थाचे नावही आपल्याला धड उच्चारता येत नाही, आणि ज्यावर कायद्याने २०१५ साली बंदी आली, तो आपल्या तुरीच्या आणि सोयाबीनच्या रानात तयार होत होता! आमच्याकडच्या लेखकांनी दुष्काळ लिहिला, जमीन लिहिली, जात लिहिली, रझाकाराचा काळ लिहिला. पण लातूरच्या त्या खोलीतला चौथा मुलगा अजून कोणी लिहिलेला नाही. आमच्या कथांत पिणारा येतो तो एक तर हसे करून घ्यायला, नाही तर बायकोला मारायला.

यात मीही आले. माझ्या पहिल्या कादंबरीत एक पिणारा दीर आहे. शेवटच्या प्रकरणात मी त्याला विहिरीत ढकलून मोकळी झाले. वाचकांची पत्रे आली, की वाचताना डोळे पाणावले. आज वाटते, तो मी पळपुटेपणा केला. त्याला जगवायला मला येत नव्हते, म्हणून मी त्याला मारले. व्यसनी माणसाचा मृत्यू हा कथेचा स्वाभाविक शेवट नव्हे, तो लेखकाचा आळस आहे. माझा भाऊ केंद्रातून आल्यावर दोनदा घसरला. दुसऱ्या वेळी मी मनात त्याचा शेवट लिहूनही टाकला होता. तो तिसऱ्यांदा उठला.

म्हणून या लेखात, समीक्षेच्या शिस्तीत बसो न बसो, चार गोष्टी सांगून ठेवते. कुठल्याही नाटकाने मला त्या सांगितल्या नव्हत्या. त्याच्यासाठी खोटे बोलू नये आणि त्याची उधारी फेडू नये. पण जेवणाचे ताट काढून घेऊ नये. बोलायचे ते तो शुद्धीवर असताना, एकट्याशी, आणि 'तू असा आहेस' यापेक्षा 'काल असे झाले, मला भीती वाटली' असे बोलावे. रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून एका दिवसात दारू तोडायला लावू नये; त्याने फिट्स येऊ शकतात, वात होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टर. गर्द घेणारा काही दिवस सोडून पुन्हा पूर्वीइतकेच घेऊ लागला, तर शरीराला ते सोसत नाही आणि श्वास थांबतो. म्हणून उपचारानंतरच जास्त जपावे. पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे गप्प बसतात. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच, थोड्या प्रमाणात बाळगणाऱ्या व्यसनी माणसाने आपण होऊन उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद आहे. आणि १४४४६ या सरकारी क्रमांकावर फुकट फोन करून सल्ला विचारता येतो. हे सिंधूला ठाऊक नव्हते. तिच्या काळी यातले काही नव्हतेच. आज आहे, आणि तरीही आपण गप्प बसलो तर आपल्याला तिची सबब सांगता येणार नाही.

'एकच प्याला' वाचू नका, असे मी कधीच म्हणणार नाही. अवश्य वाचा, दिवाळीच्या सुटीत घरात मोठ्याने वाचा, कळत्या मुलांना ऐकू द्या. फक्त सिंधूसाठी रडून झाल्यावर पुस्तक मिटू नका. भगीरथाची पाने पुन्हा उलटा, आणि आपल्या ओळखीत असा कोणी उठू पाहणारा असेल तर त्याला काय काम देता येईल, याचा घरात विचार करा. सुधाकराला ज्या प्रतिष्ठित माणसांनी झिडकारले, ती आपणच असतो.

माझी दुसरी कादंबरी भावाला आवडली नाही. "अक्का, यात कोणी खरं बोलत नाही," असे तो म्हणाला. तिसरी लिहिते आहे. तिच्यात एक मुलगा रोज सकाळी सहाला उठतो, दुकानाचे शटर उघडतो, संध्याकाळी आपल्यासारख्यांच्या बैठकीला जातो, आणि घरी येऊन जेवतो. तीनशे पानांत एवढेच घडते. वाचकांना ते रुचेल की नाही, माहीत नाही. पण या वर्षी भाऊबीजेला तो येईल, तेव्हा पाच वर्षे पुरी झालेली असतील. पुढच्या वर्षाचे तो बोलत नाही, मीही विचारीत नाही. पदराला गाठ नसेल. आणि तबकात ओवाळणी टाकण्याची पाळी त्याची असेल.